अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

(डोंबिवली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. निमंत्रणाबरोबर त्यांच्यावरची एक लहानशी पुस्तिका आली होती. तिच्यात लिहिलंय की सर सदतीस वर्षं भाड्याच्या त्याच दोन खोल्यांत राहिले आणि गणिताचे वर्गही तिथेच भरत. वाचणाऱ्याला यात साधेपणा दिसेल. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की भाडेपावती कोणाच्या नावावर होती? माफ करा, चौतीस वर्षांची सवय आहे. पण नंतर त्या वाक्यातल्या ‘त्याच’ या शब्दावर मी अडले. आज मुंबईत, ठाण्यात, किंवा इथे तुमच्या डोंबिवलीतही, कोणी भाड्याच्या त्याच घरात सदतीस वर्षं काढील हे मला शक्य दिसत नाही. सदतीस महिने काढले तरी पेढे वाटावेत.

मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वकिली केली. त्याला लघुवाद असं फक्त पाटीवर म्हणतात, बाकी सगळे ‘स्मॉल कॉजेस’. नाव लघु आणि दावे तीन पिढ्यांचे. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतोय, मधे ‘वादी मयत, वारस दाखल’ असा शेरा दोनदा येऊन गेलाय, ज्या खोलीबद्दल भांडण तिचा सज्जा मागच्या पावसाळ्यात खाली आलाय, अशी प्रकरणं मी घरमालकांच्या बाजूने लढले आणि भाडेकरूंच्या बाजूनेही. त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे. आज मी कोणाची वकील म्हणून बोलणार नाही, इतकं आधीच सांगते.

आमचं स्वतःचं बिऱ्हाड गिरगावात होतं. दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी, टोकाला संडास. वडिलांच्या ट्रंकेत भाडेपावत्यांचा एक गठ्ठा सुतळीने बांधलेला सापडला. १९६३ सालची पावती अठरा रुपये पंच्याहत्तर पैशांची आहे. १९८८ सालची तेवीस रुपयांच्या आसपास, आणि ती वाढही भाड्याची नव्हे, कराची. त्या खोलीत एक लंबकाचं घड्याळ होतं. ज्या खिळ्यावर ते वडिलांनी लग्नानंतर लावलं, त्याच खिळ्यावर ते एकेचाळीस वर्षं होतं. भिंतीला तीनदा रंग दिला, तो घड्याळाभोवतून दिला.

ते घड्याळ आता माझ्या भाच्याकडे, गोरेगावला आहे. भाचा आणि त्याची बायको दोघंही नोकरी करतात. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. भाडं चाळीस हजार. घड्याळ फ्रीजवर भिंतीला टेकवून ठेवलंय, कारण करारातलं सोळावं कलम सांगतं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. लंबक अर्थातच बंद आहे.

आता या चाळीस हजारांचा हिशेब. सरांच्या नावाची व्याख्यानमाला आहे, तेव्हा थोडं गणित चालेल.

चाळीस हजार हे फक्त बोलायचं भाडं. घर दाखवणाऱ्या दलालाने एक महिन्याचं भाडं घेतलं, म्हणजे आणखी चाळीस हजार. अनामत, ज्याला आपण सगळेच डिपॉझिट म्हणतो, ते दोन लाख. ते परत मिळतं हे खरं, पण तोवर त्यावरचं व्याज मालकाचं. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला चौदा हजार झाले असते. टेम्पो, हमाल, गॅसची जोडणी, नव्या घराच्या मापाचे पडदे यांचे बारा हजार. कराराची नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. तिचं मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेल्या मानीव व्याजावर. भाच्याच्या बाबतीत ते साडेअकराशेच्या आत बसलं. वर नोंदणीचे हजार. सरकारचा घास किती लहान आणि दलालाचा केवढा, हे यात दिसतं. हे सगळं अकरा महिन्यांत वाटून टाकलं की महिन्याला सहा हजारांच्या वर पडतात. चाळीस हजारांचं घर सेहेचाळीस हजारांना पडलं.

हाच करार तेहेतीस महिन्यांचा असता तर दलाली तेवढीच, टेम्पो तेवढाच, पण वाटणी तेहेतीस महिन्यांत. मग वरचा भार जेमतेम तीन हजारांचा. म्हणजे घर तेच, भिंती त्याच, फक्त मुदत तोकडी असल्यामुळे भाचा महिन्याला तीन हजारांहून जास्त मोजतोय. यात मी फेब्रुवारीत शाळेचे प्रवेश असताना घर बदलावं लागणं धरलेलं नाही. नव्या गल्लीत इस्त्रीवाला आणि पोळीवाली शोधणं धरलेलं नाही. आणि त्यांच्याकडे तीन खोके असे आहेत की जे गेल्या दोन घरांत उघडलेच नाहीत. एकावर अजून ‘स्वयंपाकघर, मालाड’ असं लिहिलंय. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला दलाली द्यावी लागत नाही.

मग घर विकत का घेत नाही, असं भाच्याला सगळे विचारतात, विशेषतः ज्यांनी १९९५ साली साडेचार लाखांत घेतलंय ते. तो ज्या घरात राहतो त्याची किंमत दीड कोटी सांगतात. वर्षाचं भाडं चार लाख ऐंशी हजार. म्हणजे मालकाला आपल्या मालमत्तेवर सव्वातीन टक्केसुद्धा सुटत नाहीत, आणि त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स व मालमत्ता कर जायचाच आहे. बँकेतली मुदत ठेव बरी. आता दुसरी बाजू. तेच घर भाच्याने तीस लाख हातचे घालून आणि एक कोटी वीस लाखांचं कर्ज काढून घेतलं, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला एक लाख चार हजारांचा येतो. भाडं चाळीस, हप्ता एकशे चार. निव्वळ व्यवहार पाहणारा माणूस जन्मभर भाड्याने राहील. तरीही माणसं हप्ता पत्करतात, घशाला कोरड पडेपर्यंत फेडतात. अशा मंडळींना मी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कितीदा तरी विचारलंय. उत्तर एकाच धाटणीचं येतं : ‘कोणी ऊठ म्हणणार नाही, मॅडम.’ चाळीस आणि एकशे चार यांच्यातला चौसष्ट हजारांचा फरक त्या ‘ऊठ’ न ऐकण्यासाठी आहे. हप्ता फिटला की मालमत्ता आपली होते, भाव वाढतात, हे मला कळतं. पण पाठीशी भरवशाचं भाडं असतं तर यातले निम्मे लोक तरी इतक्या घाईने कर्जात पडले नसते, असं माझं मत आहे.

भाड्याच्या घरात भरवसा का नाही, याचं उत्तर आजच्या बाजारात शोधून सापडत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ साली भाडेनिर्बंधाचा कायदा आला. दुसऱ्या युद्धात पुन्हा तोच प्रकार. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाणभाडं ठरवून टाकलं. फाळणीचे दिवस, निर्वासितांचे लोंढे, शहरात पाय ठेवायला जागा नाही. त्या घडीला तो कायदा योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तो तात्पुरता होता. तात्पुरता म्हणून त्याची मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षं काढली. डाळीचा भाव वाढला, गवंड्याची मजुरी वाढली, भाडं मात्र १९४० मध्येच थांबून राहिलं. अठरा रुपये पंच्याहत्तर पैसे. त्या पैशात मालक कौलं तरी कशी बदलणार? त्याने दुरुस्ती सोडली. इमारती पडायला लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवला. तेच पुढे म्हाडात आलं.

आणि पागडी. ज्या खोलीचं कायदेशीर भाडं वीस रुपये, तिची खरी किंमत बाहेर कुठून तरी वाट काढणारच. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख घ्यायचा, त्यातला तिसरा हिस्सा, कुठे जास्त, मालकाला, मग पावतीवर नाव चढायचं. हे घेणं १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता आणि सबंध दक्षिण मुंबई तो गुन्हा शांतपणे करत होती. मी स्वतः अशा व्यवहारांत ‘फर्निचरची किंमत’ असा शब्द लिहिलेले कागद पाहिलेत. एका मोडक्या पलंगाला पावणेदोन लाख! पागडीला उघड मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगून टाकलं होतं की गोठवलेलं प्रमाणभाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. नव्या कायद्याने जुन्या भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे.

पण आज भाच्याच्या भिंतीला खिळा का लागत नाही, याचं मूळ यापेक्षाही जास्त एका तारखेत आहे : १ फेब्रुवारी १९७३.

भाडेकरू ठेवला की तो जन्माचा चिकटतो, हे कळल्यावर मालकांनी भाडेकरू ठेवणं बंद केलं आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’वर माणसं ठेवायला सुरुवात केली. हा शब्द आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. लायसन्सची व्याख्या १८८२ च्या इझमेंट अॅक्टमधली, म्हणजे वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा कायदा. शेजाऱ्याच्या परड्यातून मला विहिरीवर जाऊ दे, अशी परवानगी. त्या परवानगीवर मुंबईत संसार उभे राहिले. ताबा कायद्याने मालकाचा, तुम्ही आपले परवानगीने आत बसलेले. आजही तेच. या शहरात रोज माणसं भाडं भरतात, पण करारात पाहाल तर तिथे भाडेकरू हा शब्द नाही. आहे तो लायसन्सी. भाडंही नाही, लायसन्स फी.

तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला जे जे लायसन्सवर आत होते, ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. हेतू चांगला होता, फसवणूक होतच होती. पण ज्याने ओळखीच्या माणसाला दोन वर्षांसाठी म्हणून खोली दिली होती, त्याची खोली गेली ती गेलीच. ही गोष्ट मुंबईतल्या घराघरांत सांगितली गेली. त्यानंतर लोकांनी घरं कुलूप लावून ठेवली. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात आकडा आहे : मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. त्याच अहवालात असंही आहे की भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ वर आलं. सगळा दोष एका दुरुस्तीवर टाकणं बरोबर नाही. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरं त्यात आहेत, वादातली आहेत. पण अंगावर आलेला काटा पन्नास वर्षांत गेलेला नाही.

अकरा महिने हा त्याच काट्याचा अवशेष. मुळात १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायला अकरा. देशभर हीच युक्ती. गंमत अशी की महाराष्ट्रात तिला आता काही अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचं ५५ वं कलम सांगतं, की करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि अटींबद्दल वाद झाला तर भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय २४ वं कलम मालकाच्या बाजूने इतकं भक्कम आहे, की मुदत संपूनही माणूस उठला नाही तर त्याला बाहेर काढायला वेगळा सक्षम प्राधिकारी आणि तोवर दुप्पट शुल्क. म्हणजे अकराचं कारण गेलं, भीतीचं कारणही बहुतेक गेलं, आणि तरी अकरा राहिले. आता तर बावीस आणि तेहेतीस असे त्याचे पाढे झालेत. छत्तीस महिन्यांचा करार करा म्हटलं तर दलाल म्हणतो, ‘मॅडम, अकराच्या पटीत बोला.’

पूर्वी मुंबईत भाडं परवडत नसे तेव्हा गाव मदतीला येई. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची. भाडं एकाच्या नावावर, राहणारे पंधरा-वीस. पाळीप्रमाणे झोपायचं, वळकटी गुंडाळून कोपऱ्यात, जेवण खानावळीत. धोबीतलावला, आमच्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, जेर महालात गोव्याच्या गावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी करणारा माणूस बोट लागेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहायचा. पैसे नावाला, स्वतःची ट्रंक ठेवायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. मी एकदा एका कामासाठी तिथे गेले होते. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव. ज्याची ट्रंक तो कधीचा समुद्रावर, पण ट्रंक हलवा असं म्हणायची कोणाची छाती नाही. हजार रुपये जास्त भाडं देणाऱ्यालाही आज असा भरवसा मिळत नाही.

आणि एक काळ असा होता की सरकार स्वतः घरमालक होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळी भाड्याने देण्यासाठीच बांधलेल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे बीडीडी चाळी. एकशे साठ चौरस फुटांची खोली, सिमेंटचा थंडगार कोंडवाडा म्हणून तेव्हाही लोकांनी नावं ठेवली. नावं ठेवावी अशीच ती होती. पण सरकारने भाड्यासाठी घर बांधायचं असतं, ही कल्पना तरी तिथे होती. आज म्हाडाची सोडत निघते ती मालकीच्या घरांची. ज्यांच्यापाशी विकत घ्यायची ऐपत अजून आलेली नाही आणि झोपडपट्टीत जायची तयारी नाही, अशी पंचविशीतली परिचारिका, रिक्षाचा मेकॅनिक, कंत्राटी प्राध्यापक यांच्यासाठी सरकारच्या कुठल्याच खिडकीवर फॉर्म नाही. ते तुमच्याकडे डोंबिवलीला येतात, मग बदलापूरला जातात. भाडं कमी पडतं, आणि राहिलेली रक्कम ते सकाळच्या ७:५१ च्या लोकलच्या दारात लटकून भरतात.

गेल्या काही वर्षांत भाडं वाढवणारं एक नवं कारण आलंय, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ते म्हणजे रिडेव्हलपमेंट. चेंबूर, मुलुंड, पार्ले, बोरिवली, कुठेही पाहा. चाळीस कुटुंबांची इमारत पाडायला घेतली की ती चाळीसच्या चाळीस कुटुंबं एकाच महिन्यात भाड्याचं घर शोधायला निघतात, आणि सगळ्यांना तीच शाळा, तेच देऊळ, तोच डॉक्टर हवा. म्हणजे अर्ध्या मैलाच्या आत. त्यांच्या खिशातलं भाडं बिल्डरचं. दलालाला हे माहीत असतं. ‘बिल्डर इतकं देतोय’ हाच त्या भागाचा दर होऊन बसतो. मग ज्याला कोणी बिल्डर काही देत नाही, तो आमचा भाचा तोच दर स्वतःच्या पगारातून भरतो. आणि बिल्डरने भाडं बंद केलं तर काय होतं, ते गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांना विचारा. २००८ मध्ये करार झाला. घरासाठी दीड दशकाहून जास्त थांबावं लागलं, आणि त्यातली कित्येक वर्षं भाडंही आलं नाही. मालकीच्या घरातून निघालेली माणसं म्हातारपणी भाडेकरू झाली.

घर कोणाला मिळतं, हा वेगळा विषय आहे, पण दोन वाक्यं बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. माझी एक ज्युनियर होती, हुशार, कोर्टात उभी राहिली की समोरचा चाचरायचा. तिने फोनवर घर ठरवलं, भाडं ठरलं, टोकनची रक्कमही ठरली. मग दलालाने पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. संध्याकाळी निरोप आला, मालक गावी गेलेत. ते मालक त्या वर्षात चार वेगवेगळ्या इमारतींतून गावी गेले. ‘व्हेज ना?’, ‘फॅमिली ना?’, ‘आडनाव काय म्हणालात?’ हे तीन प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी येतात. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला राहायला जागा नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कारण लिहून देण्याइतका दलाल भोळा नसतो. ज्यांना दहांपैकी आठ दारं बंद, त्यांना उरलेल्या दोन दारांवर जो आकडा सांगतील तो द्यावा लागतो. एकच खोली, दोन आडनावांना दोन भाव.

उपाय विचाराल तर माझ्यापाशी मोठा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा काढला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं म्हटलंय. पण तो नमुना. राज्याने घेतला तर लागू. सोसायट्यांनी भाड्याने दिलेल्या घरावर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावू नये, असा आदेश २००१ पासून आहे. तरी अजून सोसायट्या लावतात आणि मालक तो भाड्यात चढवतो. मला विचाराल तर १९४० चं गोठवलेलं भाडं परत नको. ते आम्ही भोगलंय, आमच्या चाळीचा जिना त्यानेच खाल्ला. मला मुदत हवी. भाडं बाजाराने ठरवा, वाढ किती ते आधी लिहा, पण माणसाला पाच वर्षं तरी बसू द्या. वेळेवर भाडं देणाऱ्याला केवळ अकरा संपले म्हणून उठवू नका.

हे भाषण तयार करत असतानाच भाच्याचा दहावा महिना लागला. म्हटलं, लोकांना सांगतेस तर स्वतः करून बघ. मी त्याच्या घरमालकांना फोन केला. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ, बोलायला अगदी सभ्य. मी म्हटलं, छत्तीस महिन्यांचा करार करू, वाढ दर वर्षी किती ती आत्ताच लिहू, तुम्हाला तिन्ही वर्षांची निश्चिंती. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात ना?’ म्हटलं, हो. ‘स्मॉल कॉजेसला?’ हो. ‘म्हणून तर भीती वाटते.’

मग त्यांनी सांगितलं. वडिलांनी १९७१ मध्ये दादरची खोली एका सहकाऱ्याला दोन वर्षांसाठी दिली होती. सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न त्या खोलीत झालं, नातवाची मुंज त्याच खोलीत झाली. वडील गेले तेव्हा खोलीचा दावा चालूच होता. ‘आम्ही ते घर कधी आतून पाहिलंच नाही,’ ते म्हणाले. मी कलम २४ सांगितलं, दुप्पट शुल्क सांगितलं, ५० वर्षांत कायदा किती बदललाय ते सांगितलं. ते ‘हो, हो’ म्हणत होते. त्यांना पटतही होतं. पण छत्तीस म्हणायला त्यांची जीभ वळेना.

शेवटी बावीसवर तोडलं. वाढ पाच टक्के. दलालाला दुसऱ्यांदा काही द्यायचं नाही, हे त्यांनीच आपण होऊन म्हटलं. करारात सोळावं कलम तसंच राहिलं, पण त्याला मी एक उपकलम जोडून घेतलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून हसले. ‘हॉलच्या पूर्वेकडील भिंतीवर एक घड्याळ टांगण्यासाठी लायसन्सीला एक खिळा ठोकण्याची मुभा राहील.’